पूर्वपक्षाची वही

१

तत्त्वज्ञान हा विषय एकट्याने शिकणाऱ्यांचा एक लहानसा, विखुरलेला वर्ग मराठीत फार दिवसांपासून आहे. त्याला महाविद्यालयाचे छत्र नसते, परीक्षा नसते, बहुधा गुरूही नसतो. कुणी शाळामास्तर असतो, कुणी कचेरीतला कारकून, कुणी वकिली करून उरलेल्या वेळात शांकरभाष्य उघडणारा. या मंडळींनी कोणती पुस्तके वाचावीत याविषयी अधूनमधून लिहिले जाते. त्यांच्या वह्यांविषयी मात्र कुणी फारसे बोलत नाही. वस्तुतः माणसाने काय वाचले यापेक्षा वाचताना काय लिहून ठेवले, यावरून त्याच्या अभ्यासाची जात अधिक नेमकी ओळखता येते. टिपणवही हाही एक लेखनप्रकार आहे. त्याला परंपरा आहे, त्यात सरस-नीरस असा भेद करता येतो, आणि म्हणून टीकेच्या कसोट्या त्यालाही लावता येतील असे मला वाटते. प्रस्तुत लेखात तसा प्रयत्न केला आहे.

आरंभ स्वतःच्या वह्यांपासून करणे बरे. तालुक्याच्या गावी नोकरीत असताना मी तेरा-चौदा वर्षांत नऊ वह्या भरल्या. चांगल्या जाड पुठ्ठ्याच्या, लाल कापडी पाठीच्या वह्या होत्या त्या. प्लेटोपासून कांटपर्यंत जे जे वाचले त्यातले मला महत्त्वाचे वाटलेले उतारे मी सुवाच्य अक्षरात उतरवून काढले होते. डावीकडे ग्रंथाचे नाव, उजवीकडे पृष्ठांक, शेवटी विषयवार सूची. पाहुणे आले की मी त्या वह्या दाखवीत असे, आणि पाहुणे माना डोलवीत.

एकदा आमच्या गावातले एक वयोवृद्ध वकील घरी आले होते. त्यांनी ह्यूमची वही घेतली, चष्मा पुसला, आणि अर्धा तास काही न बोलता पाने उलटली. मग म्हणाले, "मास्तर, अशील फार छान बोलतो आहे तुमचा. पण विरुद्ध पक्षाचा वकील कुठं आहे?" मी म्हणालो, ही वही आहे, कोर्ट नव्हे. ते म्हणाले, "मग निकाल कशावर देणार?" आणि चहा घेऊन ते निघून गेले.

त्या प्रश्नाने मला त्या वेळी राग आला, हे कबूल केले पाहिजे. पण पुढे पुष्कळ दिवसांनी माझ्या ध्यानात आले की, त्या नऊ वह्यांत एकही वाक्य माझे नव्हते. इतकेच असते तर तो विनय मानता आला असता. पण त्या वह्यांत ग्रंथकारांची जी वाक्ये होती, त्यांतही एक विशिष्ट निवड झालेली होती. ती कशी, हे पुढे सांगेन.

२

उतारे उतरवून ठेवण्याची पद्धत हिणवण्यासारखी मुळीच नाही. युरोपात तिचे एक शास्त्रच बनले होते, आणि त्यात जॉन लॉकसारख्या पहिल्या प्रतीच्या तत्त्वज्ञाने लक्ष घातले होते. लॉकने आपली वही लावण्याची युक्ती १६८६ मध्ये एका फ्रेंच नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्याचा सुप्रसिद्ध 'निबंध' छापून येण्याच्या आधीची ही गोष्ट आहे. युक्ती अशी: वहीच्या आरंभीची दोन पाने सूचीसाठी राखून ठेवायची. प्रत्येक विषयाचे एक नाव ठरवायचे, आणि त्या नावाचे पहिले अक्षर व त्यानंतर येणारा पहिला स्वर यांवरून सूचीत त्याची जागा ठरवायची. वीस अक्षरे गुणिले पाच स्वर, म्हणजे शंभर घरे. नवा उतारा आला की त्याच्या घराच्या नावाचे पान उघडायचे. ते पान भरले असेल तर पुढचे कोरे पान घ्यायचे आणि त्याचा आकडा सूचीत टाकायचा. आधीपासून पाने वाटून ठेवावी लागत नाहीत, कागद वाया जात नाही, आणि हवा तो उतारा क्षणात सापडतो.

ही युक्ती खरोखरच सुरेख आहे. आज संगणकावर एक शब्द टाकून हजारो पानांतून तो शोधून काढता येतो. ही सोय लॉकच्या शंभर घरांचीच पुढची पायरी होय. पण युक्तीची शोभा तिच्या कार्यापुरती मानली पाहिजे. लॉकची सूची सांगते की अमुक गोष्ट कुठे ठेवली आहे. ती ठेवलेली गोष्ट खरी की खोटी, हे ती सांगत नाही, आणि तसा तिचा दावाही नाही. ते कोठार आहे. शेतकऱ्याला कोठार लागतेच, पण कोठार बांधले म्हणजे शेती झाली असे तो समजत नाही. मी मात्र चौदा वर्षे तसे समजत होतो.

लिहून ठेवलेल्या शब्दाविषयी प्लेटोने 'फीड्रस' या संवादात जी तक्रार केली आहे, ती या ठिकाणी आठवते. सॉक्रेटिस तेथे इजिप्तची एक कथा सांगतो. थ्यूथ हा देव लेखनकला शोधून काढतो व स्मरणशक्तीवरचे औषध म्हणून राजा थामूसपुढे ठेवतो. राजा उलट म्हणतो की हिच्यामुळे माणसे स्मरणाचा अभ्यास सोडतील आणि बाहेरच्या खुणांवर विसंबतील. या कथेतला स्मरणशक्तीचा भाग सगळ्यांना ठाऊक असतो. पण त्यानंतर सॉक्रेटिस जे म्हणतो, ते एकट्या अभ्यासकाच्या अधिक जिव्हाळ्याचे आहे. त्याचा आशय असा की, लिहिलेल्या शब्दाला प्रश्न विचारला तर तो पुनःपुन्हा तेच सांगतो, आणि कुणी त्याच्यावर अन्याय केला तर स्वतःचा बचाव त्याला करता येत नाही. ज्याला गुरू आहे, सहाध्यायी आहेत, त्याला ही उणीव भासत नाही, कारण पुस्तक गप्प बसले तरी शेजारचा बोलतो. एकट्याच्या खोलीत मात्र पुस्तक गप्प असते आणि वाचकही गप्प असतो. अशा वेळी वहीही गप्प राहिली, तर त्या खोलीत अभ्यास चालला आहे असे कशावरून म्हणायचे?

तेव्हा टिपणवहीच्या परीक्षणाची पहिली कसोटी मी अशी मांडतो: त्या वहीत दुसरे कुणी बोलते का?

३

या कसोटीला उतरणाऱ्या वह्या कशा असतात, हे पाहण्यासाठी दोन उदाहरणे घेऊ. दोन्ही आज ग्रंथरूपाने उपलब्ध आहेत. दोन्ही मुळात ग्रंथ नव्हते.

पास्काल १६६२ मध्ये वारला, तेव्हा त्याच्या योजलेल्या ग्रंथाऐवजी मागे कागदांचा ढीग राहिला. तो मोठमोठ्या कागदांवर टिपणे लिही, मग कात्रीने ती वेगळी करी, आणि भोक पाडून दोऱ्याने त्यांच्या जुड्या बांधी. मृत्यूपूर्वी यांपैकी पुष्कळ कागदांच्या त्याने मथळेवार जुड्या लावल्या होत्या, बाकीचे तसेच राहिले होते. १६७० मध्ये पोर-रोयालच्या मंडळींनी त्यातून निवडून, सावरून, सुधारून एक ग्रंथ छापला. पुढे १७११ मध्ये मूळ कागद एका मोठ्या चोपडीत डकवून टाकण्यात आले. ते टिकले, पण त्यांचा मूळ क्रम मोडला. १८९७ मध्ये ब्रुन्श्विगने आपल्या समजुतीप्रमाणे विषयवार मांडणी केली, आणि ती कित्येक दशके प्रमाण मानली गेली. पास्कालच्या मृत्यूनंतर लगेच करून ठेवलेल्या नकलेत त्याच्याच जुड्यांचा क्रम राखला गेला आहे, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या मध्यास लाफ्यूमा प्रभृतींनी पटवून दिली, आणि १९५१ च्या आवृत्तीत तो क्रम वाचकांपुढे आला.

हा इतिहास केवळ पाठचिकित्सेचा नाही. विषयवार मांडणी केल्यावर पास्काल सुभाषितकारासारखा दिसू लागतो: मनुष्यस्वभावावर अमुक, धर्मावर अमुक, करमणुकीवर अमुक. हे त्याच्या वहीचे लॉकच्या पद्धतीने केलेले कोठारच झाले. जुड्यांच्या क्रमाने वाचू लागले की निराळाच माणूस भेटतो. तो कुणाशी तरी बोलत असतो. समोर एक सुसंस्कृत, बुद्धिमान, अश्रद्ध गृहस्थ आहे, आणि पास्काल त्याला आधी अस्वस्थ करू पाहतो, मग उत्तर देऊ पाहतो. पैजेचे ते प्रसिद्ध टिपण पाहा. मूळ कागदावर ते समासापर्यंत खच्चून लिहिलेले, खाडाखोड केलेले, मध्येमध्ये घुसडलेल्या ओळींनी भरलेले आहे. आणि त्यात तो दुसरा गृहस्थ खरोखरच बोलतो, हरकत घेतो, आपली अडचण सांगतो. पास्काल श्रद्धावान होता. पण त्याने आपल्या विरोधकाच्या तोंडी दुबळी वाक्ये घातली नाहीत. म्हणून त्याची श्रद्धा ज्यांना मान्य नाही, त्यांनाही ती वही आजतागायत वाचावीशी वाटते.

दुसरे उदाहरण विट्गेन्श्टाइनचे. तोही कात्रीवालाच. खिशातल्या वह्यांतून मोठ्या वह्यांत, तेथून टंकलिखितात, आणि मग त्या टंकलिखिताचे तुकडे कापून पुन्हा नवी जुळणी, असे त्याचे काम वर्षानुवर्षे चाले. असे कापलेले तुकडे एका खोक्यात सापडले. काही चिमट्याने एकत्र लावलेले होते, काही सुटे. ते १९६७ मध्ये 'त्सेटेल', म्हणजे 'चिठ्ठ्या', या सार्थ नावाने प्रसिद्ध झाले. त्याच्या मृत्यूनंतर १९५३ मध्ये निघालेल्या 'तत्त्वज्ञानात्मक अन्वेषणां'च्या प्रस्तावनेत तो कबुली देतो की, या सर्व विचारांचा एकसंध ग्रंथ करण्याचे प्रयत्न फसले आणि ते कधीच साधणार नाही हे आपल्याला कळून चुकले. या प्रस्तावनेवर १९४५ च्या जानेवारीची तारीख आहे. ही कबुली अनेकांना नुसत्या अपयशाची वाटते. परंतु त्या पुस्तकाचे पहिल्या भागातले ६९३ परिच्छेद वाचताना जाणवते की त्यांत दोन आवाज आहेत. एक घाईने काही सिद्धान्त मांडतो, दुसरा त्याला अडवतो. कित्येकदा कोणता आवाज लेखकाचा हे ठरवणे कठीण जाते. तज्ज्ञांतही त्यावर वाद आहेत. ग्रंथ एकसंध झाला असता तर यांपैकी एका आवाजाला गप्प बसावे लागले असते.

या दोघांच्या साहित्यात आपल्याला हेवा वाटावा असे काहीच नाही. कागद, कात्री, दोरा, खोके. पण दोघांच्याही वहीत दुसरे कुणी बोलत होते.

४

दुसऱ्याला बोलू देण्याची ही रीत आपल्याकडे व्यक्तीच्या स्वभावावर सोडलेली नव्हती. तिला शास्त्राचे रूप होते. मीमांसेत आणि वेदान्तात सूत्रांचा विचार अधिकरणांत वाटून केला जातो, आणि एका अधिकरणाची पाच अंगे सांगतात: विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धान्त आणि संगती. प्रथम कशाचा विचार करावयाचा ते वाक्य. मग त्यावर शंका कोणती, म्हणजे कोणत्या दोन बाजू संभवतात. मग विरोधकाची बाजू, सकारण. मग आपला निर्णय. आणि शेवटी या विचाराचा मागच्यापुढच्या विचाराशी संबंध काय. ब्रह्मसूत्रांवरचे भाष्य वाचणाऱ्याला ही शिस्त इतकी अंगवळणी पडते की तिचे वेगळेपण जाणवतच नाही. मला ते जाणवले वकिलांच्या त्या प्रश्नानंतर, आणि तेही बऱ्याच उशिरा. शांकरभाष्य मी पूर्वी वाचले होते. त्यातले सिद्धान्त माझ्या चौथ्या वहीत सुवाच्य अक्षरात होते. पूर्वपक्ष मी गाळले होते, कारण ते 'खोटे' होते!

आता मघाशी सोडून दिलेला मुद्दा. ह्यूमच्या 'ट्रीटिज'च्या (१७३९-४०) अगदी आरंभी एक मूलतत्त्व येते: आपली प्रत्येक साधी 'आयडिया' ही तिच्याशी जुळणाऱ्या आधीच्या 'इंप्रेशन'ची नक्कल असते. हे वाक्य माझ्या वहीत ठळक अक्षरात, दुहेरी रेघ मारून उतरवलेले होते. पुढे मी नवी वही घेतली आणि जुने उतारे एकेक करून अधिकरणाच्या पाच अंगांत बसवू लागलो. 'विषय' लिहिला. 'संशय' लिहिला: हे सर्वच साध्या कल्पनांना लागू आहे काय? 'पूर्वपक्ष' या शब्दाखाली काय लिहावे ते सुचेना, म्हणून मूळ ग्रंथ पुन्हा उघडला. आणि मूलतत्त्व मांडल्यावर थोड्याच पुढे ह्यूमनेच लिहिलेला पूर्वपक्ष तेथे माझी वाट पाहत होता. एका माणसाने निळ्या रंगाच्या सर्व छटा पाहिल्या आहेत, फक्त एक सोडून. सर्व छटा त्याच्यापुढे क्रमाने मांडल्या, तर मधली उणी छटा त्याला मनाने भरून काढता येईल की नाही? ह्यूम म्हणतो, येईल. म्हणजे इंप्रेशनवाचूनही एक आयडिया उत्पन्न झाली. आणि मग हे उदाहरण अगदी एकटे आहे, एवढ्यासाठी सिद्धान्त बदलण्याचे कारण नाही, असे म्हणून तो पुढे जातो.

माझ्या वहीत तो निळा रंग नव्हता. मी तो वाचलेला असणार, कारण त्याच्या आधीचे आणि नंतरचे उतारे माझ्या अक्षरात आहेत. उतरवण्याजोगे 'तत्त्व' नाही म्हणून मी तो वगळला होता. ग्रंथकाराने प्रामाणिकपणे दाखवलेली फट मी त्याच्या वतीने बुजवून टाकली होती. उतारे काढणारा माणूस काही भर घालत नाही, असे आपण समजतो. परंतु गाळणे हीसुद्धा एक भर आहे, आणि तिच्यावर सही नसल्यामुळे ती अधिक घातक आहे.

दुसरे एक साधन आपल्याकडच्या नैयायिकांचे, पदकृत्याचे. लक्षणातला प्रत्येक शब्द काढून पाहायचा आणि तो काढल्याने कोणता दोष येतो ते सांगायचे. अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' पंधरावीस पानांचा असेल. त्यात स्मृतीचे लक्षण दिले आहे: केवळ संस्कारापासून उत्पन्न होणारे ज्ञान. यातला 'ज्ञान' हा शब्द काढला तर संस्काराचा नाशही स्मृती ठरेल, कारण नाश व्हायलाही आधी संस्कार लागतो. 'केवळ' हा शब्द काढला तर प्रत्यभिज्ञा, म्हणजे 'हा तोच देवदत्त' अशी ओळख, स्मृतीत येऊन बसेल, कारण तिला संस्कार लागतो, पण समोर देवदत्तही लागतो. ही चर्चा अन्नंभट्टाने स्वतःच्याच 'दीपिके'त केली आहे. आधी स्वतः लक्षण लिहायचे आणि मग स्वतःच ते शब्दाशब्दाने हलवून पाहायचे. एकट्या अभ्यासकाला याहून चांगला धडा कुणी दिला आहे असे मला वाटत नाही.

या साधनाचा उपयोग मराठी अभ्यासकाला एका खास कारणाने होतो. आपण वाचतो बहुधा इंग्रजीत, टिपतो मराठीत, आणि मराठी शब्दांच्या पोटात संस्कृत दर्शने असतात. ह्यूमच्या 'इंप्रेशन'ला मी वहीत सरसकट 'संस्कार' म्हटले होते. शब्द सोयीचा होता, कानाला गोडही वाटे. पण न्यायाच्या भाषेत संस्कार म्हणजे अनुभव ओसरल्यावर मागे उरणारा ठसा, जो पुढे स्मृती जागी करतो. ह्यूमचे इंप्रेशन म्हणजे तो जिवंत, टवटवीत अनुभवच. या शब्दाने मला अनुभव उमटण्याची रीत अभिप्रेत नसून खुद्द तो अनुभवच अभिप्रेत आहे, असे त्याने तळटीप देऊन बजावले आहे. म्हणजे माझ्या एका शब्दाने ह्यूमचा क्रम उलटा केला होता. तीच गत 'कल्पने'ची. प्लेटोचे शाश्वत आदर्श, लॉकच्या मनातला कोणताही विषय, आणि ह्यूमची फिकट नक्कल या तिघांनाही मी 'कल्पना' असेच लिहीत गेलो, आणि तिघे एकमेकांशी वाद का घालतात हे मला कळेना. तेव्हापासून मी एक वेगळी शब्दवही ठेवतो. तीत प्रत्येक पारिभाषिक शब्दापुढे अर्थ लिहीत नाही. अमुक ग्रंथकार हा शब्द कोणत्या शब्दाच्या विरोधात वापरतो, ते लिहितो.

५

साधनांचा विषय निघालाच आहे तर दोन शब्द कागद-पेन्सिलीविषयीही लिहितो. समर्थांनी 'दासबोधा'च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला वाहिला आहे. तरुणपणी फार बारीक अक्षर काढू नये, म्हातारपणी ते कामी येत नाही, असे ते बजावतात. कागदाच्या चहूबाजूंना जागा सोडावी, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही, असेही सांगतात. त्यांची दृष्टी पोथी टिकण्याची होती. मला त्या कोऱ्या समासाचा आणखी एक उपयोग सापडला: तो मी पूर्वपक्ष्यासाठी राखून ठेवतो. आज पटलेल्या गोष्टीवर सहा महिन्यांनी हरकत सुचली, तर तिला बसायला जागा पाहिजे. माझ्या जुन्या वह्यांत अशी जागाच नव्हती. पान कडेपर्यंत भरण्यात मला काटकसर वाटे.

साधने तुटपुंजी असल्याने अभ्यास अडत नाही, याचे थोर उदाहरण आपल्याच घरचे आहे. लोकमान्यांनी 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात शिसपेन्सिलीने लिहिले, आणि सुटकेनंतर १९१५ मध्ये ते छापले गेले. त्या पेन्सिलीचे आपण कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण अभ्यासकाने लक्ष द्यावे असे प्रस्तावनेतले दुसरेच एक निवेदन आहे: टीका आणि भाष्ये बाजूला ठेवून त्यांनी मूळ गीतेचीच स्वतंत्रपणे अनेकदा पारायणे केली. मात्र बाजूला ठेवणे म्हणजे फेकून देणे नव्हे. ग्रंथात संन्यासमार्गीयांचे म्हणणे येते, भक्तिमार्गीयांचे येते, मिल्ल, स्पेन्सर, कांट, ग्रीन येतात, आणि त्यांच्याशी सविस्तर हुज्जत चालते. टिळकांचा निर्णय सर्वांना मान्य होईल असे नाही. पण कोठडीत एकटा बसलेला हा माणूस ग्रंथात एकटा नव्हता.

अलीकडे एका जर्मन समाजशास्त्रज्ञाच्या चिठ्ठ्यांचा फार बोलबाला आहे, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. निक्लास लूमान (१९२७-१९९८) हा सरकारी नोकरीत असताना कचेरीनंतरच्या वेळात वाचन करी, आणि तेव्हापासून त्याने चिठ्ठ्यांची खोकी ठेवली. अखेरीस त्या सुमारे ९०,००० झाल्या. विषयवार कप्पे करण्याऐवजी तो प्रत्येक चिठ्ठीला क्रमांक देई, आणि एका चिठ्ठीतून फुटलेल्या विचाराला त्याच क्रमांकाची शाखा काढी. एका चिठ्ठीवर दुसरीचा क्रमांक लिहून ठेवी. १९८१ च्या एका लेखात त्याने या खोक्याला संवादातला जोडीदार म्हटले आहे, आणि चांगल्या जोडीदाराने आपल्याला चकित केले पाहिजे, असा त्याचा आग्रह आहे. आता संगणकावर लूमानची नक्कल करून देणारी साधने पुष्कळ निघाली आहेत आणि तरुण मंडळी ती हौसेने वापरतात. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, चिठ्ठ्यांना चिठ्ठ्या जोडण्यातही कोठार बांधण्याचाच आनंद मिळू शकतो. दोन चिठ्ठ्यांमध्ये दोरा ओढला, एवढ्याने त्यांच्यात वाद सुरू होत नाही. यंत्राकडून आज ग्रंथाचा सारांश मिळतो, मागितले तर आक्षेपही मिळतात. पण तो आक्षेप आपल्याला बोचलेला नसतो, आणि न बोचलेल्या आक्षेपाचे उत्तर कुणी मनापासून शोधत नाही.

६

या विवेचनावर एक रास्त हरकत घेता येईल. सर्वच टिपणे वादासाठी नसतात. मार्कस ऑरेलियसने ग्रीक भाषेत स्वतःसाठी लिहिलेली टिपणे पाहा. तीत नवा सिद्धान्त नाही, फारसे खंडनमंडन नाही. सकाळी उठताना, रागावताना, मरणाचा विचार येताना काय ध्यानात धरावे, एवढेच पुनःपुन्हा, निरनिराळ्या शब्दांत आहे. अशा वहीला पूर्वपक्षाची कसोटी लावणे अन्यायाचे होईल, असे कुणी म्हणेल. हरकतीत तथ्य आहे. तत्त्वज्ञान हा जसा विचार आहे तसा तो अभ्यासही आहे, आणि अभ्यासाला पुनरुक्ती लागते. तथापि त्या टिपणांतही दुसरा कुणी नाही असे नाही. तो बादशहा स्वतःला 'तू' म्हणून संबोधतो. ज्याला ती वाक्ये पटत नाहीत, जो अंथरुणातून उठू इच्छीत नाही, तो पूर्वपक्षी त्याच्याच अंगात आहे. माझ्या नऊ वह्यांत मी स्वतःलाही कधी 'तू' म्हटले नव्हते.

शेवटी एक गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही, आणि तिच्यापुढे वरची सारी चर्चा सोयी-गैरसोयीची वाटू लागते. चार्वाकांचे म्हणणे आपल्याला कशावरून ठाऊक आहे? मुख्यतः त्यांच्या विरोधकांच्या लेखनावरून. जयराशीचा 'तत्त्वोपप्लवसिंह' १९४० मध्ये बडोद्याहून प्रसिद्ध झाला, पण त्याला चार्वाक म्हणावे की नाही यावर एकमत नाही. बाकी त्या परंपरेचे स्वतःचे ग्रंथ गेले. उरला तो पूर्वपक्ष. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांनी 'सर्वदर्शनसंग्रहा'त सोळा दर्शने मांडली आणि आरंभ चार्वाकापासून केला. त्यांना ते दर्शन मान्य नव्हते, तरी प्रकरण वाचताना एक टवटवीत, हुशार, थोडासा उद्धट माणूस आपल्याशी बोलतो आहे असे वाटते. पाश्चात्त्यांतही असेच घडले आहे. केल्सस नावाच्या एका विचारवंताने दुसऱ्या शतकात ख्रिस्ती धर्मावर टीका करणारा ग्रंथ लिहिला. तो नष्ट झाला. ओरिजेनने तिसऱ्या शतकात त्याचे खंडन करताना त्यातले उतारेच्या उतारे दिले, म्हणून केल्सस आज वाचता येतो. विरोधकाने टिपण नीट घेतले, एवढ्यावर एका माणसाचे विचार जगले.

आपल्या वहीवर कुणाचे जगणे-मरणे अवलंबून नाही, असे आपण म्हणू. जगाच्या दृष्टीने ते खरे आहे. पण माझ्या खोलीत ह्यूमला माझ्यावाचून दुसरा वकील नव्हता, आणि त्याच्या विरोधकांनाही नव्हता. मी जे गाळले ते त्या खोलीपुरते कायमचे नाहीसे झाले. चौदा वर्षे त्या निळ्या छटेला माझ्या घरात जागा नव्हती.

ते वकील आज हयात नाहीत. नव्या वहीतले ह्यूमचे पान त्यांना दाखवायचे राहून गेले. त्या पानावर 'विषय', 'संशय' आणि 'पूर्वपक्ष' भरलेले आहेत. 'संगती'त लॉकची आणि नैयायिकांच्या संस्काराची आठवण नोंदली आहे. 'सिद्धान्त' या शब्दापुढची जागा अजून कोरी आहे. तिथे मी दोनदा काही लिहिले आणि दोनदा खोडले. समास मात्र भरत चालला आहे.